बेटावरचे मठ, आपण पर्यटक आणि होऊ घातलेला पूल

रामबागकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही माजुलीला जाऊन आलो, मी, हे, सासूबाई आणि मुलगी. आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून हा धागा काढतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माजुली म्हणजे आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातलं बेट. २०१६ मध्ये त्याचा जिल्हा झाला, देशातला पहिला बेट-जिल्हा. तिथे शंकरदेव-माधवदेव या संतांच्या परंपरेतली वैष्णव सत्रं आहेत, सत्र म्हणजे मठच. औनिआटी सत्र १६५३ चं. काही सत्रांत अजूनही लहानपणी आणून सोडलेली मुलं वाढतात, पुढे लग्न न करता भकत म्हणून तिथेच राहतात, शेती करतात, खोल नावाचा मृदंग वाजवतात, नाचतात, पोथ्या वाचतात. नामघरात, म्हणजे प्रार्थनेच्या सभागृहात, मूर्ती नाही, आसनावर भागवताची पोथी. सासूबाई म्हणाल्या हे तर आपल्या ज्ञानेश्वरीच्या पारायणासारखंच झालं, आणि तिथेच डोळे पुसत बसल्या.

संध्याकाळी प्रार्थना चालू होती. एक पंधरा-वीस जणांचा ग्रुप आला, अर्ध्यांच्या हातात मोबाईल. एका बाईंनी नऊ-दहा वर्षांच्या भकताला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, बेटा जरा पुन्हा वाजव ना, मघाशी फोकस नीट नव्हता. आणि त्याने वाजवलं हो. मुकाट्याने. एक म्हातारे भकत लांबून बघत होते, काही बोलले नाहीत, दिव्याची वात सारखी केली आणि आत गेले. मला इतकी लाज वाटली, खरं तर मी त्या ग्रुपमधली नव्हते तरी.

सध्या तिथे जायला निमातीघाटावरून फेरीबोट लागते, तास-दीड तास धरून चाला. काठावरच्या जोरहाट शहरापासून पूल व्हायचाय, २०२१ मध्ये भूमिपूजन झालं, अजून पूर्ण नाही. हे म्हणाले, पूल झाला की परत येऊ, गाडीने सकाळी येऊन संध्याकाळी परत. आणि मला वाटलं, सगळेच असं करतील मग. तर प्रश्न हा, अशा जागी जाणं सोपं व्हावं असं आपण म्हणावं का म्हणू नये? आपलं, इंदूरकरांचं, ओंकारेश्वर पण नर्मदेतलं बेटच आहे, तिथे दोन-दोन पूल आहेत, काय झालंय ते आपण बघतोच.

विजयनगर७८

ताई, धागा छान. माझं मत सरळ आहे, पूल नको. बोटीचा त्रास सोसून जो येईल तो मनापासून येईल.

जोरहाट_रिटर्न

विजयनगरभिया, तुमच्याशी अजिबात सहमत नाही. मी नोकरीत असताना चार वर्षं जोरहाटला होतो. तुम्हाला बोट म्हणजे गंमत, फोटो, डेकवर उभ्या मोटारसायकली, चहा. तिथल्या माणसाला बोट म्हणजे दुपारी शेवटची सुटली की सकाळपर्यंत अडकला. बाळंतपण रात्रीचं निघालं तर काय करायचं? पावसाळ्यात पाणी चढलं, धुकं पडलं की बोट बंद. आणि ८ सप्टेंबर २०२१ ला निमातीघाटाजवळ दोन बोटींची टक्कर झाली, माणसं गेली त्यात. त्यानंतर मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो त्या आजींना फोन केला, त्यांची भाची माजुलीत दिलेली. आजी एवढंच म्हणाल्या, पूल माझ्या डोळ्यांदेखत झाला तर बरं.

पूल पर्यटकांचा प्रश्नच नाही. पूल तिथे राहणाऱ्यांचा आहे. आपल्याला शांतता हवी म्हणून त्यांनी बोटीत बसायचं, हे मला पटत नाही.

रामबागकर

दादा, हे मी लिहिताना मनात आलंच नव्हतं आणि यायला हवं होतं. बरोबर आहे तुमचं. पण मग गर्दीचं काय?

जोरहाट_रिटर्न

गर्दी त्यांची सगळ्यात मोठी अडचण पण नाही ताई. माजुली झिजतेय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १२०० चौरस किलोमीटरच्या वर होती, आता निम्मी पण उरली नाही. १९५० च्या मोठ्या भूकंपाने नदीचा तळ गाळाने वर आला, तेव्हापासून ब्रह्मपुत्रा काठ जास्तच खाते. साठच्या वर सत्रं होती असं तिथे सांगतात, आता वीस-बावीस राहिली असतील, बाकीच्यांना पोथ्या, दिवे, सगळं उचलून दुसरीकडे जावं लागलं. मी एका जागी उभा होतो तर बरोबरचा माणूस म्हणाला माझी शाळा तिथे होती, आणि हात दाखवला तो नदीच्या मधोमध.

म्हणून मला वाटतं पर्यटन हवंच, पैसा हवा, लोकांचं लक्ष हवं, नाहीतर हे कोणाला कळणार पण नाही.

जुना_होळकरी

फार चांगली चर्चा. थोडं आपल्या अंगणातलं सांगतो.

मांधाता, म्हणजे ओंकारेश्वरचं बेट, माझ्या लहानपणी बघितलेलं आहे, साल १९६०-६१ असेल. इंदूरहून मीटरगेजने ओंकारेश्वर रोड, तिथून टांगा किंवा बस. ही लाईन होळकरांची हे किती जणांना माहीत आहे कोण जाणे. दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० साली इंग्रज सरकारला या रेल्वेसाठी १ कोटी रुपये कर्ज दिलं होतं, १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने. संस्थानाने सरकारला कर्ज दिलं, उलटं नाही, हे आजोबा आम्हाला फार अभिमानाने सांगायचे. घाटात कालाकुंडला गाडी थांबली की पळसाच्या पानात कलाकंद.

बेटावर तेव्हा काय होतं, तर देऊळ, धर्मशाळा, साधूंच्या कुट्या आणि माकडं. देवळाखाली ती गुहा, जिथे गोविंदपादाचार्यांकडे शंकराचार्यांनी संन्यासदीक्षा घेतली असं मानतात. आमचे आजोबा आम्हाला गुहेत पाच मिनिटं गप्प बसवायचे. मागच्या वर्षी नातवाला घेऊन गेलो तर पाच सेकंद पण उभं राहता आलं नाही, मागून ढकलतच होते. आणि तो म्हणाला, आजोबा इथे बघायचं काय होतं?

ह्याला मी काय उत्तर देणार होतो.

भिया_पोहे_सांगा

काका कालाकुंडचा कलाकंद आठवून दिलात, आता झोप नाही येणार 😄 पाताळपाणी ते कालाकुंड हेरिटेज ट्रेन सुरू झाली ना २०१८ च्या डिसेंबरात, आम्ही ऑफिसवाले गेलो होतो, चौघांनी दीड किलो संपवला!

बडवाहवाली

मी बडवाहची, लग्न होऊन सुदामानगरात आले. माहेरच्या लोकांची ओंकारेश्वरला ओळख पाळख असल्यामुळे लिहिते.

तुम्ही सगळे श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, शनिवार-रविवार बघता. 'महाकाल लोक', म्हणजे उज्जैनच्या महाकाल मंदिराचा नवा परिसर, २०२२ च्या ऑक्टोबरात झाल्यापासून उज्जैन करून लोक तसेच ओंकारेश्वरला येतात, दोन ज्योतिर्लिंगं एका दिवसात, संध्याकाळी इंदूरला सराफ्यात खायला. म्हणजे बेटाच्या वाट्याला दोन तास येतात फक्त. त्यातला सव्वा तास रांग. नाववाले, हारवाले, छोट्या लॉजवाले, ह्यांना वाटतं माणूस एक रात्र तरी राहावा. राहतच नाही कोणी. गर्दी दसपट आणि हातात काही नाही. कचरा मात्र राहतो, तो बेटावरून खाली उतरवायचा म्हणजे डोक्यावर किंवा नावेतून.

आणि मंगळवार-बुधवारी पहाटे परिक्रमेच्या वाटेवर या हो कधी. सात किलोमीटर आहे साधारण. गौरी सोमनाथ, मग सिद्धनाथाचं देऊळ, त्याच्या जोत्यावर दगडात कोरलेले हत्ती, एकेका हत्तीसमोर उभं राहावं असे. तिथे मी एकटी अर्धा तास बसले आहे, फक्त पोपटांचा आवाज. म्हणजे जागा अजून आहे. आपणच तिकडे जात नाही.

आयर्लंडातला_इंदुरी

मी मूळचा लोकमान्यनगरचा, आता दहा वर्षं आयर्लंडमध्ये. इथलं एक उदाहरण देतो, स्केलिग मायकल. समुद्रात किनाऱ्यापासून साधारण १२ किलोमीटरवर एक सरळ उभा खडक आहे. सहाव्या शतकाच्या आसपास ख्रिस्ती साधू तिथे जाऊन राहिले, चुना-माती काही न वापरता नुसत्या दगडावर दगड रचून मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या झोपड्या बांधल्या त्या अजून उभ्या आहेत. वर जायला ६०० च्या वर पायऱ्या, कठडा नाही. १९९६ पासून जागतिक वारसा.

तिथे दिवसाला फक्त १८० माणसं उतरू देतात. १५ बोटींना परवाना आणि एका बोटीत १२ माणसं, संपला विषय. मे ते सप्टेंबर एवढाच सीझन. समुद्र खवळला तर पैसे परत, घरी जा. वर टॉयलेट नाही, खायला नाही. एका गाजलेल्या हॉलिवूड सिनेमाचं शूटिंग झाल्यावर मागणी प्रचंड वाढली पण आकडा वाढवला नाही. मी तीन वर्षं प्रयत्न केला तेव्हा चौथ्या वर्षी पाय लागला. आणि खोटं कशाला सांगू, वर पोचल्यावर रडलो. माझ्याबरोबरचे सगळे लोक कुजबुजत बोलत होते, कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला.

म्हणून माझं म्हणणं, आकडा ठरवा. माजुलीच्या सत्रात, ओंकारेश्वरच्या गुहेत, सगळीकडे.

नर्मदामाई

आयर्लंडवाल्या दादा, तुम्ही लिहिलेलं वाचून काटा आला अंगावर. पण एक फरक आहे. तिथले साधू कधीच निघून गेले ना? ते रिकामं घर आहे, त्याला कुलूप लावता येतं. ओंकारेश्वर जिवंत आहे. निमाडातली म्हातारी, जन्मात एकदा येणारी, अनवाणी, डोक्यावर गाठोडं, तिला तुम्ही काय सांगणार, आजचे १८० झाले, उद्या या? ऑनलाईन बुकिंग आहे का आजी?

मी २०१५-१६ ला नर्मदा परिक्रमा पायी केली. ओंकारेश्वरहूनच उचलली, म्हणजे दक्षिण तटावरून. आणि आमचा नियम माहीत आहे ना, परिक्रमा संपेपर्यंत नर्मदा ओलांडायची नाही. त्यामुळे समोर बेट दिसतंय, कळस दिसतोय, घंटा ऐकू येतेय आणि जायचं नाही. साडेपाच महिने चालून परत आले, तेव्हा पूल ओलांडून जल चढवायला गेले. त्या दिवशी पण गर्दी होती, धक्काबुक्की होती, पण मला काही म्हणजे काही जाणवलं नाही.

आपल्याकडे नियम होतेच हो. कोणी कुठे कसं जायचं, आधी काय करायचं, काय नाही करायचं. ते आकड्यातले नव्हते, एवढंच.

सिमरोलघाट

वा नर्मदाताई 🙏

आयर्लंडातला_इंदुरी

ताई, मान्य. भाविकाला आकडा लावायचा नाही, पटलं. पण मग भाविक आणि पर्यटक वेगळे कसे करणार? कपाळावर तर लिहिलेलं नसतं. आमचे इथले मित्र येतात भारतात तेव्हा ते पण म्हणतात आम्ही स्पिरिच्युअल ट्रिपला आलोय.

विजयनगर७८

भिया मी स्वतः दर्शनाला जातो आणि सेल्फी पण काढतो, मी कुठल्या रांगेत?

एक_वाचक

या प्रश्नाचं एक उत्तर फ्रान्सने काढलंय ते सांगतो, मोन सां मिशेल. भरतीच्या वेळी बेट होतं, ओहोटीला वाळू. ९६६ पासून तिथे मठ. १८७९ मध्ये तिथवर भराव टाकून पक्का रस्ता केला, गाड्या थेट दारापर्यंत. परिणाम काय, तर पाण्याची ये-जा अडली, गाळ साचत गेला आणि बेटाचं बेटपणच जायची वेळ आली. मग त्यांनी नदीच्या मुखाशी नवा बंधारा बांधला, २०१४ मध्ये खांबांवरचा हलका पूल सुरू केला म्हणजे खालून पाणी जाईल, आणि तो जुना भराव काढून टाकला. गाड्या अडीच किलोमीटर अलीकडे थांबतात, पुढे शटल बस किंवा पायी. पायी गेलं की लांबून ते शिखर हळूहळू मोठं होत जातं, माणूस आपोआप गप्प होतो.

माणसं वर्षाला ३० लाखांच्या जवळपास येतात आणि कायमचे रहिवासी जेमतेम काही डझन, त्यात थोडे साधू-साध्वी. त्यामुळे गर्दीचा प्रश्न सुटला असं नाही. पण मला महत्त्वाचं हे वाटतं की रस्ता हवा की नको हा प्रश्नच नव्हता, कसला हवा हा होता. माजुलीला पूल होऊ दे, जोरहाट दादांचं शंभर टक्के खरं. फक्त अ‍ॅम्ब्युलन्स, स्थानिक गाड्या थेट, आणि आपल्यासारख्यांची गाडी बेटाच्या तोंडाशी उभी. पुढे सायकल, ई-रिक्षा.

जोरहाट_रिटर्न

हे चालेल! सायकली तिथे भाड्याने मिळतात पण, रस्ते सपाट आहेत. आणि रिक्षावाल्यांना काम मिळेल. फक्त मोठ्या टूरवाल्यांच्या बसेस आत शिरू देऊ नका, त्या जेवण पण जोरहाटहून पॅक करून आणतात, बेटावर चहाचे पैसे पण खर्च करत नाहीत.

जुना_होळकरी

एक_वाचक यांनी पाण्याचं लिहिलं त्यावरून आठवलं. आर्मेनियात सेवान सरोवरात मठ आहे, नवव्या शतकातला, तो बेटावर होता. गेल्या शतकात वीज आणि सिंचनासाठी सरोवराचं पाणी इतकं उपसलं की पातळी वीसएक मीटर खाली गेली आणि बेट जमिनीला जोडलं गेलं. आता बसेस पायथ्याशी उभ्या राहतात. पूल बांधावाच लागला नाही.

आपल्याकडे ओंकारेश्वरचं धरण बेटाच्या अगदी डोक्यावर आहे, ५२० मेगावॉट. वीज हवी, मी विरोध करत नाही. पण खाली नर्मदा आता घड्याळावर चालते. पाणी सोडलं की भोंगा वाजतो आणि घाटावरून माणसं पळतात, नाहीतर दगड उघडे. आम्ही पोहलो त्या नदीला असा भोंगा नव्हता. नवीन येणाऱ्यांना भोंग्याचा अर्थ माहीत नसतो, लहान मुलं घेऊन दगडांवर जाऊन बसतात. पर्यटन वाढवायचं तर ही गोष्ट प्रत्येकाला पुलावरच सांगितली पाहिजे, मोठ्या अक्षरात, मराठी-हिंदी-गुजरातीत.

बडवाहवाली

काका अगदी खरं. आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं, भोंगा झाला की चपला पण उचलायच्या नाहीत, आधी वर.

सिमरोलघाट

थोडं वेगळं. डोंगरावर शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा झालाय, सप्टेंबर २०२३ मध्ये अनावरण झालं, बारा वर्षांच्या बाल शंकराचं रूप आहे. काही लोकांना आवडत नाही, डोंगर खणला, झाडं गेली म्हणतात, ते दुःख मलाही आहे. पण माझा पुतण्या, नववीतला, पुतळा बघून घरी आला आणि विचारायला लागला की हा मुलगा केरळातून इथे चालत का आला? गुरू शोधायला एवढ्या लांब? मग आम्ही दोघांनी बसून वाचलं. गुहेत जाऊन त्याला हा प्रश्न पडला नव्हता कारण गुहेत तो धड उभाच राहू शकला नाही. म्हणजे गर्दी वर डोंगरावर विभागली गेली, तिथे नीट माहिती मिळाली, आणि खालची गुहा जरा मोकळी झाली तर दोन्हीचा फायदा आहे असं मला वाटतं.

नर्मदामाई

झाडांचं दुःख मोठं आहे दादा, ते एका ओळीत नका आटपू. त्या डोंगरावरून बेटाची परिक्रमा करणारे सावलीत चालायचे. पण पुतण्याचा प्रश्न मात्र फार आवडला. त्याला माझा आशीर्वाद सांगा.

रामबागकर

सगळ्यांचं वाचतेय, उत्तर द्यायला उशीर झाला. एक राहिलेलं सांगते, कारण कमाईचा विषय निघालाय.

माजुलीत सामागुरी सत्रात मुखवटे करतात, बांबूचा सांगाडा, वर कापड, माती, शेण, मग रंग. भाओना म्हणजे त्यांची नाटकं, त्यात वापरायचे. २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना जीआय टॅग मिळाला. तिथे आम्ही दोन तास बसलो. मुलीला एकाने बांबू सोलायला दिला. आम्ही एक छोटा जटायू घेतला, त्यांच्याच हातून, दुकानातून नाही. पैसे देताना भाव करावासा वाटला नाही, आणि ते दोन तास सगळ्या ट्रिपमधले सगळ्यात चांगले गेले. कोणाला पोज द्यायला लावलं नाही, ते त्यांचं काम करत होते, आम्ही शेजारी बसलो होतो.

आता जटायू हॉलमध्ये आहे, गणपतीत येणारा प्रत्येक जण विचारेल.

एक_वाचक

ताई, हेच फ्रान्समधल्याच सेंट ओनोरा बेटावर आहे, कान शहरासमोर. वीसएक साधू आहेत, स्वतः द्राक्षं लावतात, वाईन करून विकतात, त्यावर मठ चालतो. वेल्समध्ये कॅल्डी बेटावरचे साधू अत्तर आणि चॉकलेट करतात. लोक येतात, घेतात, बोटीने परत जातात, आणि साधूंचा राहायचा भाग बंद म्हणजे बंद. त्यांची कमाई त्यांच्या कामाची आहे, त्यांच्या प्रार्थनेची नाही. त्या मुलाला पुन्हा वाजवायला लावलं त्यात मला हेच खुपलं.

बडवाहवाली

ओंकारेश्वरला पार्थिव पूजेची परंपरा आहे, अहिल्याबाईंनी लावून दिलेली, मातीची शिवलिंगं रोज करून पूजायची आणि नर्मदेत सोडायची. मामलेश्वराकडे. किती इंदूरकरांनी हे शांतपणे बसून बघितलंय? हे बघायला या. माती मळण्यापासून.

आयर्लंडातला_इंदुरी

मला माहीत पण नव्हतं हे. इंदूरचा असून. पुढच्या सुट्टीत नक्की.

विजयनगर७८

मी माझं पहिलं मत मागे घेतो, जोरहाटदादा. पूल हवा. गाड्या बाहेर.

रामबागकर

मूळ प्रश्नाकडे येते. काल सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्या म्हाताऱ्या भकतांना आपण विचारलंच नाही की आम्ही कधी येऊ, कधी नको येऊ. खरंच नाही विचारलं. हॉटेलवाल्याला विचारलं, बोटवाल्याला विचारलं, गूगलला विचारलं. ज्यांचं घर त्यांना नाही.

त्या सत्रात ज्यांनी आम्हाला पोथ्या दाखवल्या त्यांचा नंबर यांच्याकडे होता, आज सकाळी फोन केला. मोडक्या हिंदीत बोललो. त्यांनी सांगितलं, दुपारी येत जा, तेव्हा आम्ही मोकळे असतो, बोलू. संध्याकाळी यायचं तर मोबाईल बाहेर ठेवून बसा, शेवटपर्यंत बसा, मध्ये उठू नका. आणि राहा एक-दोन दिवस, सत्राच्या अतिथीगृहात जागा असते. रास उत्सवाच्या वेळी गर्दी असते, ती आम्हाला आवडते, ती आमचीच असते. एवढं सगळं त्यांच्याकडे तयार होतं, कोणी विचारायची वाट बघत असल्यासारखं.

तर आम्ही परत जाणार, पूल असो नसो, दोन रात्री.

बडवाहवाली

किती छान केलंत. आता ओंकारेश्वरचं पण तसंच करू. माझे काका मामलेश्वराकडच्या गुरुजींना ओळखतात, पार्थिव पूजा कधी बघायला आलेलं चालेल, किती जण, ते विचारून घेते. येत्या नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी जमेल का? आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम, पहाटे परिक्रमा, मग पूजा.

नर्मदामाई

मी येते. चालताना बोलायचं नाही एवढी एकच अट.

जुना_होळकरी

सात किलोमीटर जमणार नाही आता, पण गुहेपर्यंत येतो. नातवाला घेऊन. बुधवारी पहाटे बसायला मिळेल ना पाच मिनिटं?

बडवाहवाली

मिळेल काका. मी आधी जाऊन जागा धरते.

भिया_पोहे_सांगा

माझी गाडी आहे, चार सीट रिकाम्या. मंगळवारी ४ वाजता तेजाजीनगर चौकातून निघू. गाडी मोरटक्क्याच्या पुढे पार्किंगला लावून बाकी पायी, एक_वाचक म्हणाले तसं. येताना कापडी पिशव्या आणा सगळ्यांनी, वाटेवरच्या बाटल्या उचलत येऊ.